बायाबाईच्या डबीला लागलेली मरळ

तलावाला पाजलं की तलाव मागे लागतो, असं आमच्या करडी गावाकडे पूर्वी कोणी म्हणत नसे. बायाबाईचं झालं तेव्हापासून म्हणतात.

बायाबाई म्हणजे मासे धरणाऱ्या बुधरामची बायको. कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला आणि काखेखालून नळी सोडून तिला घरी धाडलं. नळीच्या टोकाला चुण्याचुण्यांची प्लास्टिकची डबी. तांबूस पाणी तिच्यात उतरायचं. ते कमी झालं की नळी काढू, डॉक्टर म्हणाले. तोवर डाव्या कुशीवर झोप नाही आणि नातीला, गुंजनला, कडेवर घेणं नाही. पोरगी तेवढ्यासाठीच रडायची.

डबी जुन्या लुगड्याच्या पिशवीत घालून बायाबाईने गळ्यात अडकवली.

"पिशवीत सुपारी का वो?" शेजारच्या मंगलाबाईने विचारलं.

"हो. कातरून देऊ?"

पाणी संडासात टाका, असं नर्सने बजावलं होतं. बायाबाईचं मन होईना. "माह्या आंगातलं हाये. बाळाची नाळ कोनी संडासात टाकते का?" ती रोज सकाळी डबी तलावात ओतायची, चपटी दाबून झाकण लावायची. डबी पुन्हा आतलं पाणी ओढू लागायची.

मग मरळ मासळी येऊ लागली. पिल्लांचा लाल पुंजका घेऊन, ओतायच्या आधीच घाटाच्या पायरीशी तोंड उघडून. बुधरामने जाळं टाकलं, तर पाण्यातून जाळं कोरडं निघालं. मी स्वतः चाचपलं, हाताला उबदारही लागत होतं.

तलाव आटत चालला, डबी मात्र भरतच राहिली. आणि दिवेलागणीला, नसलेल्या स्तनात पान्हा दाटायचा.

"माहं काढलेलं ते तलावात हाये," ती बुधरामला म्हणाली. "तिथून मले ओढून राहिलं."

"ते नाई ओढत. तू पाजून राहिली," बुधराम म्हणाला. "पाजनारीचा पान्हा आटते का?"

दुसऱ्या दिवशी तिने डबी संडासात ओतली, तोंड फिरवून. घाटाकडे जाणं सोडलं. डबीतलं पाणी कमी होत गेलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नळी निघाली.

परतताना तिने गुंजनला उजव्या कडेवर घेतलं. वाट तलावावरूनच होती. पायरीशी मरळ तोंड उघडून थांबलेली.

"सरलं आता. जाय," बायाबाई म्हणाली.

मरळ हलली नाही.

"आजी, ते काय मागून राहिली?"

बायाबाईने सपाट बाजूवर पदर ओढून घेतला, पाजताना बाया ओढतात तसा.