वायफायचं जुनं नाव

जुना मोडेम बदलायचा हा निर्णय माझा. घरून काम करताना साहेबांचा चेहरा पडद्यावर अर्धाच येऊन गोठायचा आणि माझं डोकं तापायचं. कंपनीने नवा मोडेम कुरिअरने पाठवला, सोबत एक कागद: स्वतःच जोडा, सोपं आहे. सोपं आहे म्हणून सांगितलेल्या गोष्टींनीच आजवर माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्लेत.

भिंतीतून आलेली जाड केबल जुन्या मोडेमच्या मागून फिरवून काढली आणि नव्याला घट्ट बसवली. दिवे लागले, पण इंटरनेटचा दिवा नुसताच लुकलुकत राहिला. मग कंपनीला फोन. आधी बराच वेळ रटाळ संगीत, मग एक मुलगा. त्याने मोडेम उलटा करून खालचा नंबर वाचायला लावला, बंद करून चालू करायला लावला, केबल पुन्हा काढून बसवायला लावली. मी सगळं निमूटपणे केलं. निमूटपणा माझ्या स्वभावात किती आहे, ते आईला विचारा.

आई मात्र माझ्यामागे भुणभुण लावून उभी होती. वायफायचं नाव जुनंच ठेव, पासवर्डही जुनाच ठेव. नाव होतं 'फुकट्यांनो लांब राहा'. शेजाऱ्यांना टोमणा म्हणून धाकट्याने ठेवलेलं. मी म्हटलं, त्या नावाचं काय लोणचं घालायचंय? आणि पासवर्ड तर आपल्याला ठाऊकही नाही, तोही त्यानेच टाकलेला.

तेव्हा तिने माझा हात धरला.

"नाव बदललं तर त्याचा फोन आपलं घर ओळखणार नाही गं."

मी कंपनीच्या मुलाला जरा थांबायला सांगितलं.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी भांडून, एक बॅग घेऊन घरातून निघून गेला. नंबर त्याच दिवसापासून बंद. कुठे आहे, कुणालाच पत्ता नाही. आईच्या फोनवर कंपनीचं ॲप आहे; घरच्या वायफायला कुणाचा फोन जोडला गेला की ते टिंग करून नाव दाखवतं. महिन्या-दीड महिन्याने त्यावर 'बारक्याचा फोन' असं येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. थोडा वेळ असतो, मग जातो. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. म्हणजे तो जिना चढून दाराशी येतो, उभा राहतो आणि परत फिरतो, असं आईचं म्हणणं. दार का उघडत नाहीस, मी विचारलं. तर म्हणे, उघडलं तर पळेल आणि पुन्हा यायचा नाही. म्हणून ती दारामागे स्टूल घेऊन बसून राहते.

"आणि दर वेळी नेमकी लिफ्ट बंद असते बघ. तरी बिचारा चढून येतो."

मला रडू आलं आणि रागही आला. त्याचा आला, आणि इतके दिवस एकटीच दारामागे बसणाऱ्या तिचाही आला.

फोनवरच्या मुलाने बहुतेक सगळं ऐकलं होतं. जुना पासवर्ड आईच्या फोनमध्येच सापडेल, असं त्याने आपणहून सांगितलं आणि कुठे कुठे दाबायचं तेही. सापडला. मग भिंतीजवळ टीव्हीसाठी केबलला फाटा काढणारी एक जुनाट डबी होती, ती काढून केबल थेट जोडायला लावली. दिवा स्थिर झाला. नवा मोडेम जुन्या नावाने सुरू झाला.

"मॅडम, आता त्यांचा फोन आपोआप लागेल," तो हळू आवाजात म्हणाला.

पण महिना गेला, दुसराही सरत आला, टिंग काही झालं नाही. आईने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. येता-जाता ती मोडेमचे दिवे बघायची आणि ताटातलं निम्मं तसंच ठेवायची. मी मुलाची वाट बुजवली, असं तिला वाटत होतं. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.

मग एका दुपारी टिंग झालं. 'बारक्याचा फोन'. आई स्टुलाकडे वळली, पण मला कुठला धीर. दार उघडून मी अनवाणीच बाहेर पडले. जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी लटकत होती. मी खाली धावणार, तेवढ्यात वरून, गच्चीच्या बाजूने ठोकल्याचा आवाज आला.

लिफ्टच्या मशीनच्या खोलीत मेकॅनिक उकिडवा बसला होता. शेजारी जमिनीवर टॉर्च लावलेला फोन. कोपऱ्याला तडा, मागे अर्धवट निघालेलं वाघाचं स्टिकर. ते स्टिकर मीच धाकट्याला आणून दिलं होतं.

फोन कुठून आला, मी विचारलं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी इथेच काम चाललं होतं, तेव्हा एक मुलगा बॅग घेऊन जिन्याने उतरत होता. हातातला फोन सारखा वाजत होता. त्याने सिम काढून मोडून टाकलं, फोनचं लॉक काढलं आणि फोन याच्या हातात ठेवला.

"म्हणाला, ठेवा तुम्हाला. घरचं काही सोबत नकोय मला."

त्या दिवशी सारखा फोन कोण लावत होतं, ते मला माहीत होतं. धाकटा समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

मेकॅनिक ओशाळला. रजेवर होतो, म्हणून मधे फेरी झाली नाही, असं उगाचच सांगू लागला. मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

"तुमचं नेट आपोआप लागतंय, ताई. लक्षातच नाही आलं. काढून टाकतो आत्ता."

"नको, राहू द्या," मी म्हटलं. "आणि फोनचं नावही बदलू नका."

घरी आले तेव्हा आई केस सारखे करून स्टुलावर बसली होती. दिसला का, तिने नुसत्या नजरेने विचारलं.

"गेला असावा उतरून," मी म्हटलं.

"तू अशी धावत सुटलीस म्हणून. पुढच्या वेळी गुपचूप माझ्याजवळ बस."

वर ठोकण्याचा आवाज चालूच होता. मी स्वयंपाकघरातून दुसरं स्टूल आणलं आणि तिच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसले.