इस्त्रीच्या फळीवरची वाळू

पाय उघडून उभी केली, की मी इस्त्रीची फळी. पाय मिटून जमिनीवर आडवी टाकली, की मी दुसरंच काहीतरी होते. काय होते, ते सांगायचं म्हणून आज तोंड उघडलं आहे. एरवी आम्ही फळ्या बोलत नाही. वाफ फुसफुस करते, इस्त्री ठाक ठाक करते आणि आम्ही ऐकतो.

माझं वरचं लाकूड एका सुतारानं तासलं आणि खालचे लोखंडी पाय एका वेल्डरनं जोडले. एका टोकाला मी निमुळती आहे, कारण शर्टाचा खांदा माझ्यावर चढवता आला पाहिजे. माझ्या पोटाखाली पाच खाचा आहेत. पाय ज्या खाचेत अडकवाल, तेवढी माझी उंची. या खाचा लक्षात ठेवा, पुढं लागतील.

मला घेतलं एका लाँड्रीवाल्या बाईंनी. दुकान लहानसं. पुढं काउंटर, मागच्या खोलीत बॉयलर, धुलाईचं मशीन आणि कपडे टांगायची लांब दांडी. राहायच्या दोन खोल्या वर. बाई ठेंगण्या होत्या, म्हणून मी तिसऱ्या खाचेवर. त्यांना दोन मुलं. थोरलीला सगळेच ताई म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटा बारक्या. लहानपणी तो काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव. पुढं तो दारातून आडवा होऊन आत येऊ लागला, तरी नाव काही बदललं नाही.

बाईंचे दोन नियम होते. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसा उलटा करायचा, हा पहिला. खिशातून जे निघेल त्याबद्दल गिऱ्हाइकाला एक अक्षर विचारायचं नाही, हा दुसरा. "आपण कपडे धुतो," बाई म्हणायच्या, "माणसं नाही धूत." चिठ्ठी, किल्ली, जे काही मिळेल ते पाकिटात घालून कपड्याबरोबर परत जायचं.

विचारायचं नाही, पण कळायचं मात्र सगळं. बाई कपडा वाचायच्या आणि ताई त्यांच्याहून चांगला वाचायची. बाहीच्या चुण्या बघून ती सांगायची, हे साहेब दिवसभर टेबलावर डोकं टेकून बसलेले आहेत. "हे बघ बारक्या, या घड्या पिळल्याच्या. दोरीसारख्या तिरक्या जातात. आणि या अंगावरच्या. गुडघ्यामागं, मांडीवर, जिथं माणूस वाकतो तिथंच. पिळल्याच्या पाण्यानं जातात, अंगावरच्या सहजी जात नाहीत." बारक्या हे सगळं माझ्यावरच शिकला.

बाई गेल्या. ताईची उंची जास्त, तिनं मला पाचव्या खाचेवर चढवलं. तिथून मला खिडकीबाहेरचा रस्ता दिसायचा. माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

एके दिवशी कपड्यांत एक टी-शर्ट आला, तो न्यायला कुणी आलंच नाही. वर्षभर वाट बघून ताईनं तो धुऊन माझ्यावर पसरला. छातीवर चित्र होतं. निळी लाट आणि लाटेवर निमुळत्या फळीवर उभी असलेली एक बाई, हात पसरून.

ताईनं इस्त्री बाजूला ठेवली. चित्रातल्या फळीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताई, ही आपल्याच फळीवर उभी आहे की," बारक्या म्हणाला.

"मग आपण का नाही?"

तो हसला. ती हसली नाही. ती म्हणाली, "मोठ्या दवाखान्यातून कागद आलेत." तिचे पाय काही महिने अडखळत होते. एकदा हातातली इस्त्री सुटली होती, तिचा तपकिरी डाग माझ्या डाव्या कडेला अजून आहे. पायांतली ताकद हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थांबवायचं औषध नव्हतं. वर्षभर चालता येईल, पुढचं सांगता येत नाही.

"जन्मभर उभीच आहे मी," ताई म्हणाली. "या फळीपाशी. पाय जाणारच आहेत, तर जायच्या आधी एकदा पाण्यावर उभं राहायचंय. बस."

त्या दोघांनी कधी सुट्टी घेतलेली नव्हती. वर्षातून एकच आठवडा दुकान बंद असायचं, बॉयलरच्या तपासणीचा. तो सहा महिन्यांवर होता.

त्या दिवसापासून दुकान बंद केल्यावर माझे पाय मिटू लागले. माझं कापड काढायचे, खाली दोन टॉवेलांच्या गुंडाळ्या ठेवायचे आणि मला जमिनीवर आडवी घालायचे. शिकवणारा कुणी नव्हता. बारक्याला फोनवर बघून जे समजलं ते असं: पोटावर झोपायचं, हात टेकायचे आणि एका दमात उभं राहायचं. मग दुसऱ्यानं चारपर्यंत मोजायचं. चारपर्यंत टिकलं तर जमलं.

ताई तिसऱ्या दिवशीच उभी राहिली. बारक्या दांडीवरच्या अकरा कोटांसकट खाली आला. एकदा दार लावायचं राहिलं आणि एक गिऱ्हाईक थेट आत आलं. बारक्या माझ्यावर पालथा. गिऱ्हाईक जरा घुटमळून म्हणालं, "इस्त्री चालू आहे का?"

"हो," ताई म्हणाली. "याची एक बाजू झाली, आता उलटायचाय."

मी खूप कपडे सोसले आहेत. माणसाचा तळवा त्याआधी कधी सोसला नव्हता. ताईचा तळवा गरम असायचा आणि उभी राहताना तिचा अंगठा माझ्या लाकडात रुतायचा. तिची थरथरही मला कळायची. ती दर आठवड्याला थोडी वाढत होती. हे बारक्याला दिसत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

आता प्रश्न एकच होता. जायचं कुठं?

फोनवर बघावं तर सगळ्या जागा सारख्याच निळ्या आणि सगळीकडची माणसं हसरी. "फोटोला इस्त्री केलेली असते," ताई म्हणाली. "त्यावर जाऊ नको." त्यांना खात्रीचं काहीतरी हवं होतं. आणि ते दुकानातच होतं.

सुट्टीवरून आलेल्या कपड्यांच्या खिशांतून वाळू निघते. पाकिटात घालून वाळू परत कशी देणार? बाईंच्या वेळेपासून ती रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचे. समुद्राचं नाव गिऱ्हाईक काउंटरवर सहज बोलून जायचं, तेवढं बाटलीवर लिहायचं. पण घरात त्या बाटल्यांना गिऱ्हाइकांच्याच नावानं ओळखायचे. एका रविवारी दोघांनी त्यातल्या तीन माझ्यावर रित्या केल्या.

वकीलसाहेबांची वाळू काळी होती. ती लगेच बाद झाली. बारक्याचं म्हणणं, काळी वाळू तव्यासारखी तापते. उरल्या दोन. मास्तरीणबाईंची पांढरी, पिठासारखी. बँडवाल्याची तपकिरी, जाड, शिंपल्याच्या तुकड्यांची.

"पडणार तर आहोतच," बारक्या म्हणाला. "मग मऊ जागी पडू. मास्तरीणबाईंची."

ताई बँडवाल्याची वाळू चिमटीत चुरत होती. "ही बघ. शिंपले फुटलेत. कुणी आपटल्याशिवाय फुटतात का? बँडवाल्याचे शर्ट आठव. चार शर्टांची बटणं तुटलेली. मीच लावून दिली. तिथल्या पाण्यात जोर आहे."

"तेच म्हणतोय मी. जोर आहे."

"लाट लागते रे उभं राहायला."

"लाट काय, समुद्र म्हटला की असतेच. तुला आपटायला नेऊ का मी?"

"मी काचेची आहे का?"

"काचेची नाहीस. पण परवा जिन्यात..." 

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या कडेवरची वाळू बोटानं गोळा करत होता, गोळा झालेलीच पुन्हा पुन्हा. तिला काय दिसलं ते मलाही दिसलं: तिच्याहून तोच जास्त घाबरला होता. ती म्हणाली, "बरं. मास्तरीणबाईंची."

मास्तरीणबाई त्याच आठवड्यात पडदे द्यायला आल्या होत्या. एक प्रश्न विचारला असता तर सगळं निभलं असतं. पण खिशातल्या वस्तूबद्दल विचारायचं नाही. आई नव्हती, तिचा नियम होता. बारक्यानं पावती फाडली आणि पडदे बुधवारी मिळतील म्हणाला. तिथल्या एका लॉजवर त्यानं फोन मात्र केला. फळ्या मिळतात का? मिळतात. शिकवायला माणूस आहे? आहे. वाळू मऊ आहे? एकदम मऊ. लाटा येतात का, हे त्यानं विचारलं नाही. समुद्राला लाटा असतात का, असं कोण विचारतं?

बॉयलरचा आठवडा आला. दोघं गेली. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पुढचं मी बघितलेलं नाही. परत आल्यावर ताई काउंटरपाशी बसून शेजारच्या शिंपीणकाकूंना सांगत होती, ते ऐकलं.

तिथला समुद्र दूरवर खडकांच्या रांगेनं अडवलेला होता. लाटा तिकडेच फुटायच्या. अलीकडं पाणी नुसतं पसरलेलं. "काकू, मी स्वतः इस्त्री करून अंथरलं असतं ना, तरी इतकं सपाट झालं नसतं," ताई म्हणाली आणि हसली. फळ्या होत्या, शिकवणारा होता. तिथं लोक फळीवर उभं राहून वल्ही मारतात. दुसऱ्या जागी जायचं, तर पुन्हा एक पूर्ण दिवसाचा प्रवास, आणि येतानाच्या प्रवासानंच तिचे पाय सुजलेले.

"मग उभी राहिलीस की नाही?"

"राहिले की. पहिल्याच दिवशी. चार काय, चाळीस मोजले यानं." तिनं काउंटरवरची पावती तळव्यानं सपाट केली. "फळी जागची हललीच नाही."

बारक्या मागच्या खोलीत होता. त्यानं मशीन सुरू केलं. त्यात कपडे नव्हते.

ताई त्याला त्यावरून कधीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. फळीवर आडवं होणं आपोआप बंद झालं. चार महिन्यांनी ताईनं स्टूल घेतलं आणि मी चौथ्या खाचेवर आले. मग तिसऱ्या. मग दुसऱ्या. पुढच्या बॉयलरच्या आठवड्याआधी चाकाची खुर्ची आली आणि बारक्यानं माझे पाय पहिल्या खाचेत अडकवले. खाली आणखी खाच नाही. इथून रस्ता दिसत नाही.

"तू जा," ताई त्या वर्षी म्हणाली. "बँडवाल्याच्या वाळूवर. काकू माझ्याकडे बघतील."

"एकटा जाऊन काय करू?"

"उभा राहा. आणि मला येऊन सांग."

तो नको नको म्हणत गेला. आठव्या दिवशी आला. चेहरा उन्हानं रापलेला, नाक सोललेलं. ताईनं बॅग उघडायच्या आधीच विचारलं, "काय रे?"

"राहिलो," तो म्हणाला. "दोनदा आपटलो, मग राहिलो. काय लाट होती, ताई. चारपर्यंत गेलो."

"कुणी मोजलं?"

"शिकवणाऱ्यानं."

"छान," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याचे कपडे घेतले. पाण्यात उतरायला म्हणून नेलेली, गुडघ्याखालपर्यंतची सुती पँट माझ्यावर आली, न धुतलेली, कडक. खिसा उलटा केला. तपकिरी, जाड वाळू पडली. कापडावर मीठही होतं. पण ते सगळीकडे सारखं होतं, बादलीत बुडवून काढल्यासारखं. आणि घड्या होत्या फक्त पिळल्याच्या. दोरीसारख्या, तिरक्या. गुडघ्यामागं एकही नाही. मांडीवर एकही नाही. ती पँट घालून कुणी वाकलं नव्हतं, पडलं नव्हतं, उभं राहिलं नव्हतं. किनाऱ्यावर सगळे दिवस बसून त्यानं ती हातानं समुद्रात बुडवली होती आणि पिळली होती.

ताईचा तळवा त्या पँटवर कितीतरी वेळ होता. गरम, पूर्वीसारखाच. बारक्या दांडीपाशी पाठमोरा उभा होता. घड्या वाचायला तोही शिकलेला आहे. तिला कळेल हे त्याला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

तिनं पाणी शिंपडलं आणि पँट नीट इस्त्री केली. एकही घडी ठेवली नाही.

मग म्हणाली, "बारक्या, फळी खाली घाल. तिथं कसा उभा राहिलास ते दाखव मला."

त्यानं माझे पाय मिटले, टॉवेलांच्या गुंडाळ्या ठेवल्या. तो पोटावर झोपला, हात टेकले आणि एका दमात उठला. सहा महिने रोज पडलेला माणूस, त्या दिवशी पडला नाही. त्याच्या वजनानं माझ्या मधोमध बारीक चीर गेली. ती मला ऐकू आली, त्या दोघांना नाही.

ती चीर आता लांबली आहे. शर्टाची पाठ तिच्यावर अडकते. नवी फळी आणायला हवी, असं परवा शिंपीणकाकू म्हणाल्या आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण तुम्ही त्या दुकानात कपडे टाकत असाल, तर माझं एक काम करा. तुमच्या शर्टावर पाठीमागं एक बारीक रेघ राहिली, तर तक्रार करू नका. आणि सुट्टीवरून आलात, तर कुठं गेला होतात, लाटा कशा होत्या, हे काउंटरवर आपण होऊन सांगा. ती दोघं विचारणार नाहीत.

कारण दुकान बंद झालं, की मला अजून रोज खाली घालतात. ताई खुर्चीतून मोजते. एक, दोन, तीन, चार. बारक्या उतरायला बघतो. ती मोजायचं थांबत नाही, आणि मग तो तसाच, हात पसरून, उभा राहतो.