गुलाबी पाण्याचा प्रयोग

शहाण्णव सालच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा कैलासच्या रिसॉर्टवर ठरला, कारण कैलासने ग्रुपवर लिहिलं होतं की जागा माझी, जेवण माझं, फेटेही माझेच. बाकीच्यांनी फक्त शिक्षक आणायचे होते. शोध घेतला तेव्हा कळलं की बरेचसे वारले, एक सर मुलाकडे अमेरिकेत आहेत आणि एकांचे गुडघे कार्ल्याच्या पुढे येत नाहीत. उरल्या मोकाशी बाई. निवृत्तीनंतर लोणावळ्यात एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि अजून तशाच.

बाई विज्ञान शिकवायच्या आणि भूगोलही. शाळेला दोन शिक्षक मंजूर होते, त्यातला एकही रुजू झाला नाही, म्हणून दोन्ही विषय बाईंकडे आले. बाईंनी छडी कधी उचलली नाही. त्या उत्तर ऐकून घ्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "कशावरून?" पोरं म्हणायची, त्यापेक्षा छडी परवडली.

आठवीत असताना बाईंनी अख्खा वर्ग डोंगरावर नेला होता. गावाच्या डोक्यावर, पठाराच्या कडेला एक कुंड आहे, त्याचं पाणी मे महिन्यातही हटत नाही. कुंडातून सांडणारं पाणी एका खाचेतून कातळात शिरतं आणि दिसेनासं होतं. खाली उतारावर ठाकरवाडी, आणि वाडीच्या वरच्या अंगाला झरा. त्या झऱ्याचं पाणी कुठून येतं, असं बाईंनी विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "देवीच्या पायाखालून."

"असेल," बाई म्हणाल्या. "देवीचे पाय कुठवर आहेत ते बघू."

त्यांनी पिशवीतून पुडी काढली. विहिरीत टाकतात ते लाल औषध. खाचेत टाकलं, पाणी जांभळं झालं, कातळात गेलं. पोरं धावत खाली झऱ्यावर. बसून बसून कंटाळली, एकमेकांना खडे मारू लागली. तेवढ्यात वाडीचीच सावित्रा ओरडली, "बाई, आलं!"

झऱ्याचं पाणी फिकट गुलाबी झालं होतं.

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सगळ्यांनी प्रयोग लिहून काढला. कैलासने कुंडापासून झऱ्यापर्यंतचा इतका सुबक नकाशा काढला की बाईंनी तो वर्गात लावला. सावित्राचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तिचं अनुमान बाईंनी फळ्यावर लिहायला लावलं: "कुंडात जे टाकाल ते आम्ही पितो."

पुढे नववीला सावित्राचं नाव पटावर राहिलं आणि ती भातलावणीला गेली. शिदूशी लग्न झालं. पण त्या दिवसापासून तिला एक खोड लागली ती लागलीच. दरवर्षी पावसाआधी ती पहार घेऊन वर जायची आणि खाचेतला पालापाचोळा, गाळ, दारूच्या बाटल्या काढायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, ही डोंगराचे दात घासायला चालली.

कैलासनेही भूगोल सोडला नाही. समोच्च रेषा बघून कुठल्या प्लॉटला दरी दिसेल हे तो घरबसल्या सांगू लागला. वडिलोपार्जित भातखाचरात रिसॉर्ट उभं राहिलं, त्यात निळा स्विमिंग पूल, आणि पुलाच्या डोक्यावर फायबरचं पांढरंशुभ्र गोमुख. गोमुखातून रात्रंदिवस पाणी पडायचं. पर्यटकांना कैलास सांगायचा, डोंगराचं आहे, मिनरल आहे. गावाला सांगायचा, बोअरचं आहे.

गेल्या दिवाळीपासून वाडीचा झरा बारीक झाला आणि होळीपर्यंत संपला. बायका हंडे घेऊन गावच्या नळावर यायला लागल्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं की आधी गाववाले. सावित्रा पहार घेऊन वर गेली, तर खाचेच्या तोंडाशी, दगडांखाली, हाताएवढा जाड काळा पाइप. खाच सिमेंटने बुजवलेली.

ग्रामसभेत तिने विचारलं. कैलासने माइक घेतला. "तो पाइप माझा नाही. कुणाचा आहे, मला माहीत नाही. पण कुणी हात लावलाच, तर सरकारी मालमत्तेचं नुकसान धरलं जाईल, हे शिदूला समजावून सांगा." ज्या वस्तूला मालक नाही ती सरकारी, हे नागरिकशास्त्र कुणाला नवीन नव्हतं. सरपंच कैलासचे चुलते. त्यांनी चौकशीचा ठराव केला. चौकशी अजून चालू आहे, म्हणजे सुरू झालेली नाही. त्या सभेत शहाण्णवची अर्धी बॅच बसली होती. झऱ्याचं पाणी कुठून येतं हे त्यांच्याइतकं पक्कं जगात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी चहा घेतला.

सावित्राने मग बाईंना फोन केला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बाई एसटीने आल्या. कैलासने दरी दिसणारी एसीची खोली राखून ठेवली होती. बाई म्हणाल्या, मी सावित्राकडे राहते. बॅच गहिवरली. अमृताने ग्रुपवर लिहिलं, "केवढा हा साधेपणा!" आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची एक ओळ. सावित्राला मेळाव्याचं बोलावणं नव्हतं. ती दहावीला नव्हती, त्यामुळे नियमात बसत नव्हती.

रविवारी सकाळी पुलाच्या काठावर मांडव. बाईंनी खुर्ची स्वतः उचलून गोमुखाच्या समोर ठेवली. पलीकडे मुंबईची काही कुटुंबं पाण्यात डुंबत होती. बँकेत अधिकारी असलेली अमृता सूत्रसंचालनाला उभी राहिली. "शाळेतला विषय शाळेत संपत नाही," ती म्हणाली, "तो आयुष्यभर आपल्याला शिकवत राहतो. कसा, ते प्रत्येकानं थोडक्यात सांगायचंय."

प्रत्येकाने विस्ताराने सांगितलं. उर्से टोलनाक्यावर काम करणारा बजरंग तेवढा लवकर आटपला. "बाई, भूगोलात म्या ढ. पर आता कोल्लापूर कुटं, नांदेड कुटं, गाडीच्या नंबरावरनं झोपंत सांगतो." सगळे हसले. मग कैलास उठला. सर्वांत भरजरी फेटा त्याचा.

"आज मी जो काही आहे तो बाईंच्या भूगोलामुळे," कैलास म्हणाला. "डोंगर कसा वाचायचा, पाणी कुठून कुठं जातं, हे बाईंनी शिकवलं. मी अजून विद्यार्थीच आहे. रोज शिकतोय!"

टाळ्या झाल्या. सरपंच काका शाल घेऊन पुढे आले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "शालीआधी एक प्रयोग घेऊ."

"बाई अजून तश्शाच!" कैलास हसत म्हणाला. बॅचला फार आनंद झाला.

"सावित्रा कुठाय?" बाईंनी विचारलं.

अमृता हळूच म्हणाली, "बाई, ती आपल्या दहावीच्या बॅचला नव्हती ना."

"आठवीच्या होती." बाईंनी माइक हातात घेतला. "कैलास, उभा राहा. या गोमुखाला पाणी कुठून येतं?"

"बोअरचं आहे बाई."

"कशावरून?"

कैलासच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून कैलास निघून गेला. "म्हणजे... बोअर मारलीय ना मी. तुमची शपथ."

"माझी नको घेऊस, मला अजून जगायचंय. बसा सगळे. बघत राहा."

सगळे बघत राहिले. कुणाला कळेना काय बघायचं. जेवणाच्या बाजूने मठ्ठ्याचा वास येत होता. सरपंच काका शालीची घडी मोडत होते, घालत होते. बाई गोमुखाकडे बघत होत्या. वर्ग खडे मारत होता तेव्हा झऱ्याकडे बघायच्या तशाच.

आणि गोमुख गुलाबी झालं.

आधी धार जराशी मळल्यासारखी दिसली. मग फिकट गुलाबी, मग चांगली डाळिंबी. निळ्या पुलात गुलाबी ढग पसरायला लागला. मुंबईच्या एका बाईने किंकाळी फोडली आणि दुसरीने मोबाइल काढला. "ओ माय गॉड, पिंक! भैया, ये रोज होता है क्या?" पोरं गोमुखाखाली जाऊन उड्या मारायला लागली.

"लाइट इफेक्ट आहे," कैलास म्हणाला. भर दुपारी, उन्हात.

"निरीक्षण सांगा," बाई म्हणाल्या.

चाळीस-पंचेचाळीसचे ते बाप्ये आणि त्या बाया, सगळे खाली बघायला लागले. बजरंग मात्र जुन्या सवयीने उभा राहिला, हात मागे बांधून. "बाई, पाणी गुलाबी झालं."

"बरोबर. अनुमान?"

बजरंगने कैलासकडे पाहिलं, सरपंचांकडे पाहिलं. तसाच उभा राहिला.

"अनुमान लिहिणारी एकच मुलगी होती माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "ती आज गैरहजर आहे. कृतीला गेलीय." त्यांनी पर्समधून जुना फोन काढला. तो कानाला लावून, माइक न हटवता, एवढंच म्हणाल्या, "सावित्रा, आलं."

थोड्या वेळाने गोमुखाला उचकी लागली. धार बारीक झाली, तुटली, परत आली, फायबरच्या घशात काहीतरी घरघरलं आणि सगळं थांबलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिथे पाण्याचा आवाज नव्हता.

"अरे!" कैलास ओरडला. "वर कोण आहे बघा! तोडला की काय माझा पाइ—"

तो थांबला, पण माइक चालू होता.

"कुणाचा?" बाईंनी विचारलं.

कैलासने फेटा काढून टेबलावर आपटला. "बाई, वयाचा मान ठेवतोय म्हणून. नाहीतर आत्ता पोलीस बोलावतो. त्या शिदूला आत घालतो. त्याच्या बायकोलाही."

"बोलाव. तक्रारीत मालकाचं नाव लागेल. ग्रामसभेत, माइकवर, तू काय सांगितलं होतंस? आपले सरपंच होते ना तिथे?"

सरपंच काकांना शालीच्या काठावर काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

"नुसता तोडायचा असता तर कालच तोडला असता," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता, आणि आवाज चढलेल्या बाई बॅचने कधी पाहिल्याच नव्हत्या. "पण मग तू म्हणाला असतास, उन्हाळ्यात माझी बोअर आटली. म्हणून आधी निरीक्षण. आणि तुम्ही! तुम्ही सगळे होतात त्या झऱ्यावर. पाणी कुठून येतं ते प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या बायका रिकामे हंडे घेऊन तुमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तुम्हाला भूगोल आठवला नाही? आज फेटे बांधल्यावर बरा आठवला! मी तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. कशावरून दिले, कुणास ठाऊक."

त्यांनी माइक अमृताच्या हातात दिला, पर्स उचलली. "ती शाल नको. उन्हाळा आहे."

बाई मांडवातून बाहेर पडून वाडीच्या पायवाटेला लागल्या. अमृताने माइककडे पाहिलं. गप्प राहण्याची सवय नसल्यामुळे ती म्हणाली, "यानंतर आपण स्नेहभोजनाकडे वळूया." आणि बॅच वळली. आधी दोघं-तिघं, मग रांगच. जिलेबी गरम होती. कुणीतरी म्हणालं, बाईंचं आता वय झालंय. दुसऱ्याने मान डोलावली आणि पुरी घेतली. संध्याकाळपर्यंत बाई ग्रुपमध्ये राहिल्या नव्हत्या.

बजरंग जेवायला वळला नाही. तो फेटा तसाच डोक्यावर ठेवून, धापा टाकत, डोंगर चढून कुंडावर पोचला. सावित्रा खाचेपाशी पहार घेऊन बसली होती. सिमेंट फोडून झालं होतं. तिची मुलगी छकुली तुकडे वेचून बाजूला टाकत होती. पाणी पुन्हा कातळात शिरत होतं.

"काय रं बजरंग, नवरदेव हुऊन आलास?" सावित्रा म्हणाली. "जेवला न्हाईस?"

"न्हाई. सावित्रा, म्या त्या सभंत..."

"ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय कोन कोन हुतं त्ये."

ती हसली नाही. खालून, वाडीच्या बाजूने, बायकांचा गलका वर आला. त्यात एक आवाज नीट ऐकू आला: "आलं! आलं गं!"

"गुलाबी असंल!" सावित्रा खाली बघून ओरडली. "निवळू द्या! मग भरा!" मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या परत घालंल त्यो पाइप."

"घालंल," बजरंग म्हणाला. "त्याला वाट ठावं हाय. नकाशा त्यानंच काढलाता."

"घालू दे की." तिने कमरेची पुडी काढून दाखवली, घडी घातलेली, अर्धी भरलेली. "बाईंनी ठिवलीय. संपली तर आनीक आननारेत. आन् सांगितलंय, दर बारीला निरीक्षणाला त्या फेटंवाल्यास्नीच बशिवनार, त्याच मांडवात."

बजरंगने फेटा काढून दगडावर ठेवला. उताराच्या बाजूला, झुडपांत शिरलेलं पाइपाचं तुटकं टोक पकडलं आणि ओढायला लागला. पाइप मातीत खोल पुरलेला होता. छकुली त्याच्या मागे आली आणि तिनेही धरला.