सुभद्राबाईंच्या जबड्यातला चमचाभर मी

मित्रांनो, मी एक जुना लगदा आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. माझं वय जेमतेम नऊ महिने. पण माझ्या जातीत तेवढं म्हणजे म्हातारपणच. मला हायड्रोजेल म्हणतात. पाणी पिऊन फुगलेला, जेलीसारखा मऊ, चमचाभर ऐवज. जिथलं हाड गेलं असेल तिथे बसायचं, शरीराला नवं हाड रचायला आधार द्यायचा आणि ते तयार होईल तसतसं आपण विरघळून जायचं, हे माझं काम.

लखनौच्या एका प्रयोगशाळेत वेदिका मॅडमनी मला घडवलं. समुद्रातल्या शेवाळाचा अर्क आणि हाडात असतो तसला क्षार, एवढंच माझं भांडवल. माझ्याआधीचे कितीतरी भाऊ फार पातळ किंवा फार घट्ट झाले म्हणून टाकून दिले गेले. मी जमलो तेव्हा मॅडमनी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग मला सिरिंजमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवलं आणि तीन आठवडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार वाईट वाटलं मला.

लखनौतल्याच मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राजरत्न नावाचे इंजिनीअर राहतात, मूळचे सोलापूरकडचे. सुभद्राबाई त्यांच्या आई. त्यांच्या खालच्या जबड्यातली गाठ काढली आणि तिथे खड्डा पडला. उरलेलं हाड इतकं पातळ, की कडक भाकरी चावतानाही मोडलं असतं. त्या खड्ड्यात मला भरण्याआधी डॉक्टर ऋषभनी विचारलं, “माताजी, पान, गुटखा, तंबाकू कुछ खाती हैं?”

“नहीं जी. हमारे घर में कोई छूता भी नहीं,” सुभद्राबाई ठसक्यात म्हणाल्या.

पहिले आठ दिवस छान गेले. नंतर रोज सकाळी माझ्या अंगावर एक काळी, झणझणीत पूड येऊ लागली. माझ्यात शिरू पाहणाऱ्या रक्ताच्या बारीक वाहिन्या तिच्यामुळे आकसून जायच्या. टाके सुटू लागले. मी ओरडलोही असतो. पण मी दुसऱ्याच्या तोंडात राहणारा, मला स्वतःचं तोंड कुठलं?

उघडी पडलेली जखम पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. “जेल ही ख़राब निकला. सोमवार को निकाल देंगे. कमर से हड्डी लेकर लगानी पड़ेगी.”

सुभद्राबाईंचं वय सत्तरीला टेकलेलं. एवढं मोठं ऑपरेशन त्यांना झेपेल का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू येत होतं, कारण मला नासका म्हटलं गेलं तेव्हा मला बघायला आलेल्या वेदिका मॅडम तिथेच उभ्या होत्या.

मॅडम सुभद्राबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “माताजी, सुबह उठकर सबसे पहले मुँह में क्या जाता है?”

सुभद्राबाईंनी पर्समधून कौतुकाने एक डबी काढली. “ये मशेरी. घर पे तवे पे भूनती मैं. पचास साल से दाँत इसी से घिसती.”

सून स्नेहल चमकली. “आई, अहो, तंबाखूच भाजता ना तुम्ही!”

“तंबाखू खातात ती, स्नेहल. मी कुठे खाते? दातांना लावते आणि थुंकून टाकते!”

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, “गलती मेरी है, माताजी. मैंने खाने का पूछा, लगाने का पूछा ही नहीं.”

मला काढायचं रद्द झालं. जखम धुऊन पुन्हा टाके घातले. आता सगळं सुभद्राबाईंच्या हातात होतं. पन्नास वर्षांची सवय सोडणं काय सोपं असतं? त्यांचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, त्या स्नेहलवर उगाच खेकसायच्या. स्नेहल उलट बोलायची नाही. तलफ यायची त्या वेळी ती त्यांना घेऊन कॉलनीत फेऱ्या मारायची. एकदा सुभद्राबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडल्या. पण पूड काही परत आली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

वाहिन्या हळूहळू परतल्या. त्यांच्यामागून हाडाचे कण आले. ते वाढत गेले, मी कमी होत गेलो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी मशेरी लावत असेल. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांना ते व्यसन वाटतच नाही. शेजारी बसा, नीट विचारा आणि सोडताना त्यांच्याबरोबर राहा. माझ्यासारखा लगदा प्रत्येकालाच मिळत नाही.

परवा एक्स-रे काढला. खड्ड्याच्या जागी पांढरंशुभ्र हाड! सुभद्राबाईंनी हनुवटीवरून हात फिरवला आणि विचारलं, “और वो जेल कहाँ गया?”

“वो तो ख़त्म हो गया, माताजी. अब सब आपकी अपनी हड्डी है,” डॉक्टर म्हणाले.

सुभद्राबाई मग स्नेहलला म्हणाल्या, “बिचारं! माझ्यापायी किती सोसलं गं त्यानं.”

खरं तर एक्स-रेत दिसणार नाही एवढा मी अजून उरलो होतो. म्हणून तर मला ते ऐकू आलं.