मी खोटा सील, क्लाइनबायचा

मी एक जुना, खोटा सील आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. मोडीत काढलेल्या होडीच्या दोन फळ्या, वर ट्रकच्या टायरचं काळं रबर आणि नाकाजवळ दोराची कडी, एवढाच माझा देह. खऱ्या सीलला, म्हणजे शार्कच्या आवडत्या त्या समुद्रप्राण्याला, मिशा असतात, मला खिळे आहेत. पण खालून वर बघणाऱ्या भुकेल्या शार्कला एवढं कुठं कळतं, मित्रांनो? तिला जेवण दिसतं आणि ती येते.

मला घडवलं इसाक अपोलिसनं, दक्षिण आफ्रिकेतल्या क्लाइनबाय बंदराच्या धक्क्यावर बसून. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस. पाहुण्यांना शार्क दाखवणाऱ्या बोटीवर माझा दोर त्याच्याच हातात असायचा.

माझं काम सोपं वाटतं. करून बघा, म्हणजे कळेल! बोटीच्या कडेला लोखंडी पिंजरा बांधलेला. त्यात चार-पाच पाहुणे गळ्यापर्यंत थंडगार पाण्यात, दात वाजवत उभे. मी दोराच्या टोकाला तरंगायचो. शार्क माझ्यामागं लागली की इसाक मला पिंजऱ्यासमोरून ओढत न्यायचा, म्हणजे पाहुण्यांना ती हातभर अंतरावरून दिसायची. तिनं जबडा उघडला की मला झटक्यात बाजूला घ्यायचं. तिला फळी चावू द्यायची नाही, पिंजऱ्यावर आदळू द्यायची नाही, आणि काही झालं तरी दोर हाताला गुंडाळायचा नाही. नव्या माणसांना इसाक दम भरायचा, "तिच्या तोंडाला जखम केलीस ना, तर तुलाच टांगीन या दोराला!"

ते दिवस चांगले होते. एक थोराड मादी दर हिवाळ्यात यायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिचं तोंड आणि मी यांच्यात वीतभर अंतर ठेवून इसाक मला खेळवायचा, आणि पिंजऱ्यातली माणसं टाळ्या वाजवायची. वर्षाकाठी एखादा ओरखडा पडला तर पडला.

मग मला रोज चावे बसू लागले. रबराच्या चिंध्या झाल्या. इसाक मला उशिरा ओढायचा, कधी उगाचच ओढायचा.

वरच्या डेकवर त्याची मुलगी मर्सिया नजर ठेवायला असायची. "खाली! डावीकडे!" असं ती ओरडली की पाहुणे श्वास रोखून डुबकी मारत. पण आता ती फारच ओरडू लागली होती. "डावीकडे, दहा हातांवर! खोल आहे! वर येतेय! आली, आली!" पाहुण्यांना वाटायचं, काय उत्साही पोरगी आहे. पण मित्रांनो, ती पाहुण्यांसाठी ओरडतच नव्हती. इसाकला दिसत नव्हतं.

त्याचा बाप असाच आंधळा झाला होता आणि नऊ वर्षं दारातल्या खुर्चीत बसून मेला. इसाकला त्या खुर्चीची धडकी भरली होती. "कुणाला बोललीस तर याद राख," असं त्यानं मर्सियाला बजावलं होतं. दोन वर्षं बापलेकीनं हे निभावलं. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगतो, कीवही यायची.

एका सकाळी मर्सियाचा घसा पार बसला. सर्दीनं तोंडातून शब्द फुटेना.

"बाबा, आज नको ना," ती कुजबुजली.

"तू कठडा वाजव. मला कळेल."

तिनं कठडा वाजवला हो, पण वाऱ्यात आणि लाटांत कुणाला ऐकू जाणार? अंदाज यावा म्हणून इसाकनं दोर हाताला गुंडाळला. ज्यानं सगळ्यांना दम भरला, त्यानंच! आणि मावशी थेट माझ्याखालून वर आली. तिचे दात माझ्या रबरात रुतले, डोकं पिंजऱ्याच्या गजांत अडकलं. आत माणसं किंचाळत होती. ती धडपडत होती, दोर ताणला गेला आणि इसाक कठड्यावरून निम्मा बाहेर ओढला गेला. बोटीचा कप्तान रेनिअर यानं त्याच्या कमरेचा पट्टा धरला. मर्सिया धावत खाली आली आणि तिनं सुरीनं दोर कापला. मावशीनं एक जोराचा हिसडा दिला, सुटली आणि मला सोडून खाली गेली. मी फाटका वर तरंगलो, मागून मला आकडीनं बोटीत ओढून घेतलं. पाण्यात थोडं रक्त तरंगत राहिलं. ते तिचं होतं. माणसं सगळी धड होती.

"म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" रेनिअर ओरडला.

"माझी चूक आहे," मर्सिया घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझा घसा..."

"गप्प बस, पोरी." इसाक तिथंच ओल्या फळ्यांवर बसला. "मला दिसत नाही, रेनिअर. दोन वर्षं झाली."

रेनिअरनं त्याच्या हाताला गुंडाळलेला दोर सोडवला. मग म्हणाला, "अहो, मग सांगायचं नाही का?"

त्या आठवड्यात त्यानं स्वतः इसाकला दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू होता. त्याच्या बापालाही तोच असणार, कुणी डॉक्टरला दाखवलंच नाही. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं काम हे! इतके दिवस काय करत होतात?"

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. इसाक बोटीवर परतला तेव्हा पोरासारखा हसत होता. मला उचलून म्हणाला, "अरेरे, काय दशा झाली रे तुझी!" त्यानं मला नवं रबर ठोकलं, पाण्यात सोडलं आणि वाट बघत उभा राहिला.

पण मधल्या काळात आमच्या समुद्रात ओर्का शिरल्या होत्या, शार्कना फाडून खाणारे ते काळे-पांढरे देवमासे. दोन-तीन मेलेल्या शार्क किनाऱ्याला लागल्या आणि बाकीच्या पळाल्या. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. मावशी आली नाही. आता छोट्या, तपकिरी शार्क येतात, पाहुणे त्यांच्यावरच खूश होतात.

मी फार दमलोय, मित्रांनो. पाणी पिऊन फळ्या जड झाल्यात. पण एका दिवशीचं बापलेकीचं बोलणं काही डोक्यातून जात नाही. इसाक रिकाम्या पाण्याकडे बघत होता.

"मर्सिया, मला दिसत नव्हतं तेव्हा मावशी कशी दिसायची गं?"

"कल्ल्यांजवळ पांढरा व्रण पडला होता, बाबा. आणि..." ती थांबली.

"बोल की."

"डोकं पाण्याबाहेर काढायची. तुमच्याकडे बघत राहायची."

इसाक दोर हातात धरून नुसता उभा राहिला.

म्हणून सांगतो, तुमच्या घरात कुणी भिंत चाचपत चालत असेल, समोरच्याला आवाजावरून ओळखत असेल आणि "मला काही झालं नाही" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. आजच हाताला धरून दवाखान्यात न्या. चिडेल, ओरडेल. ओरडू दे.