जे जमत नाही ते आधी

दुकानात काम उत्तम होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. हे दुखणं आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचं आहे.

दुकान रफूचं होतं, दोघी बहिणींचं. थोरली, म्हणजे ताई, कपड्याच्याच आतल्या शिवणीतले धागे काढायची आणि भोकात असे विणायची की भोक नंतर शोधावं लागे. धाकटी पावत्या फाडायची, फोन घ्यायची आणि दुपारभर समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसायची. ताईची एक पद्धत होती. कपडा टेबलावर घेण्याआधी ती गिऱ्हाइकाला दारात न्यायची, कपडा उजेडात धरायची आणि बोट ठेवून सांगायची, "इथे कळणार नाही. इथे थोडं दिसेल. चालणार असेल तर ठेवा, नाहीतर घेऊन जा."

"अशानं आलेली माणसंसुद्धा पळतात गं!" धाकटी कुरकुरायची.

"पळू देत. नंतर भांडायला येण्यापेक्षा बरं," ताई म्हणायची.

पण एके दिवशी ताईच म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत वाट बघू. काम आलं नाही तर कुलूप लावायचं. मी लेकाकडे जाईन राहायला." धाकटीला ते पटेना. या दुकानावर तिचा जीव होता. शिवाय घरी नुसतं बसून राहणं तिच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं!

तिनं कंबर कसली आणि फोनवरच दुकानाची वेबसाइट बनवायला घेतली. मजकुरापाशी मात्र गाडी अडली. शेवटी तिनं एआयला फर्मान सोडलं, "आमच्या रफूच्या दुकानासाठी झकास मजकूर लिही. वाचणारा धावत आला पाहिजे."

बस्स, एवढंच. दुकान कुणाचं, काम कसं चालतं, किती दिवस लागतात, काही म्हणजे काही सांगितलं नाही. मजकूर चुटकीसरशी आला. 'फाटलेलं असो वा जळालेलं, एका तासात नव्यासारखं! अर्ध्या शतकाची परंपरा! हजारो समाधानी ग्राहक!' खाली तीन झकास अभिप्राय होते. धाकटी हरखली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिनं तेवढा भाग उचलला आणि वेबसाइटवर टाकून दिला. त्याच्याही खाली काही लिहिलेलं होतं, पण ते वाचायला वेळ कुणाला होता?

दोन दिवसांत फोन खणखणू लागला. बाक भरला. ताई चकित झाली, पण तिनं पद्धत सोडली नाही. ती एकेकाला दारात नेऊन खरं ते सांगे आणि माणसं तोंड वाकडं करून निघून जात. "वेबसाइटवर तर वेगळंच लिहिलंय," असं पुटपुटत जात. ताईला काही कळेना आणि धाकटी पावतीपुस्तकात डोकं खुपसून बसे.

चौथ्या दिवशी संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. दोन तास बसनं प्रवास करून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी पुरुषाचा राखाडी कोट काढला. खिशाखाली तळहाताएवढा भाग इस्त्रीनं जळून गेला होता.

"यांचा कोट आहे," बाई म्हणाल्या. "हे आता नाहीत. परवा लेक नोकरीवर रुजू होतेय, बाबांचाच कोट घालून जाणार म्हणते. मी मेली हौसेनं इस्त्री करायला गेले आणि... पण तुमचं वाचलं आणि जिवात जीव आला. एका तासात होतो ना?"

ताईनं कोट दारात नेला, उजेडात धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, एवढं जळालेलं रफूनं भरत नाही. हे कुठे वाचलंत तुम्ही?"

बाईंनी फोन पुढे केला. त्यांचे डोळे भरून आले होते. ताईनं सगळं वाचलं आणि शेवटी अभिप्रायांपाशी थांबली.

"तीन अभिप्राय आणि तिघांचं नाव एकच?" ती म्हणाली. "खाली सही बघ. 'ग्राहकाचे नाव', 'ग्राहकाचे नाव', 'ग्राहकाचे नाव'!"

बाईंनाही भरल्या डोळ्यांनी हसू आलं. धाकटीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मी नाही गं! त्या यंत्रानं थापा मारल्या!"

"दाखव बरं मला."

धाकटीनं मूळ उत्तर उघडलं. अगदी तळाशी लिहिलं होतं, 'वरील वेळ, वर्षं आणि अभिप्राय केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रसिद्ध करण्याआधी खरी माहिती द्या, मी मजकूर बदलून देईन.'

"त्यानं तर स्वच्छ सांगितलंय," ताई म्हणाली. "अगं, तू त्याला कपडा न दाखवताच रफू करायला सांगितलंस. आपला धागा दिला नाहीस, मग त्यानं मिळेल तो धागा घातला. आणि यांना दोन तास बसमध्ये कुणी बसवलं? यंत्रानं?"

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, आणि लगेच तो मजकूर काढून टाकला.

ताईनं कोट पुन्हा उलटसुलट केला. "आतल्या पट्टीचं कापड काढून ठिगळ लावता येईल. पण आतलं कापड उन्हात विटलेलं नाही, त्यामुळे ते जरा गडद दिसेल. जवळून बघणाऱ्याला कळेलच. उद्या संध्याकाळी देते."

बाईंनी कोटावरून हात फिरवला. "दिसू दे," त्या म्हणाल्या. "लावा."

दुसऱ्या दिवशी ताईचे हात ठिगळ बसवत होते आणि तोंड मजकूर सांगत होतं. धाकटी एआयला एकेक गोष्ट कळवत होती. दुकान बावीस वर्षांचं. छोट्या भोकाला दोन दिवस. मोठं जळालेलं जमत नाही. आणि हो, ती दारातली पद्धत. शेवटी तिनं बजावलं, "मी सांगितलं नाही ते लिहू नकोस. अडलं तर विचार."

त्यानं विचारलंसुद्धा! 'दारात उजेडात कपडा दाखवण्याची तुमची पद्धत वाचकाला सर्वांत जास्त ओढून घेईल. सुरुवात तिथूनच करू का?'

"बघ," ताई दातानं दोरा तोडत म्हणाली, "ज्या गोष्टीवरून बावीस वर्षं माझ्याशी भांडलीस, तीच त्याला आवडली!"

नव्या मजकुराचं पहिलंच वाक्य होतं, 'आधी दारात या. काय जमणार नाही ते आम्ही उजेडात दाखवतो.' फोन आता पूर्वीइतके खणखणत नव्हते. पण जे येत, ते कपडा ठेवूनच जात. महिनाअखेरीला बाक रोज भरलेला होता आणि ताई कुलपाचं नावही काढत नव्हती.

मित्रहो, लिहून देणारा माणूस असो की यंत्र, आपण खरं सांगितलं तरच तो खरं लिहील, आणि त्याची जबाबदारी मात्र आपलीच राहील. म्हणून छापण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा!

त्या वेबसाइटवर आता एकच अभिप्राय आहे, खराखुरा. संगीताच्या बाईंनी लिहिलाय. 'ठिगळ दिसतं. कुठे दिसेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. लेक पहिल्या दिवशी तोच कोट घालून गेली आणि विचारील त्याला ठिगळ दाखवत सुटली.'