सुभेदारांचा हेन्री

शहात्तरच्या डिसेंबरात सुभेदार नाथाजी विलायतेत तीन महिने राहून साताऱ्याला परत आले, ते एक चामडी पट्टा, एक साखळी आणि एक अपमान घेऊन. पट्टा आणि साखळी त्यांनी सगळ्या बोळाला दाखवली. अपमान मला एकट्याला सांगितला. मी कचेरीत रेकॉर्डला असतो आणि माझ्याकडे आलेलं काही बाहेर जात नाही, असा त्यांचा समज आहे.

त्यांची मुलगी चारुशीला तिकडे बर्मिंगहॅमला असते. शेजारच्या म्हाताऱ्या मडमेचा हेन्री नावाचा कुत्रा कोचावर झोपे, डब्यात भरलेलं मटण खाई आणि रस्ता ओलांडण्याआधी कडेला बसून हुकमाची वाट पाही. त्याचं लायसन पोस्टात मिळे. सुभेदारांना लायसन फार आवडलं. एक दिवस चहा घेताना मडमेनं विचारलं, तुमच्याकडे कुत्रा आहे का? आहे की, आमच्या बोळात. मालक कोण? सुभेदारांनी बोळातली सातही घरं मनातल्या मनात फिरून पाहिली आणि कपात आणखी एक चमचा साखर घातली. मडम म्हणाली, "बिचारा."

"नारायणराव, अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली," सुभेदार मला म्हणाले, "पण असं निःशस्त्र मला कुणी केलं नव्हतं."

बिचारा कोण, कुत्रा की सुभेदार, ते मी विचारलं नाही.

आमच्या बोळातलं कुत्रं तांबूस, एक कान काळा. घरं सात आणि त्याची नावं पाच. शेवटची भाकरी ज्या घरी उरेल तिथं ते वाघ्या, मोत्या, काय म्हणाल ते व्हायचं. उंबरा कुणी ओलांडू देत नसे आणि दगडही कुणी मारत नसे. काम मात्र त्याचं एकच. पहाटे पाचला बोळातली हरणाबाई टोपली घेऊन मंडईला निघाली की तिच्याबरोबर जायचं.

हरणाबाई मूळची आष्ट्याची. नवरा गेल्यापासून मंडईच्या लिलावात पालेभाजी घेते आणि दिवसभर विकते. दोन वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीपाशी अंधारात कुणीतरी तिच्या कमरेच्या चंचीला हात घातला. दुसऱ्या दिवसापासून कुत्रं तिच्याबरोबर जायला लागलं. त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

सुभेदारांनी त्याला धरलं, धुतलं, पट्टा घातला आणि पडवीत बांधलं. नाव ठेवलं हेन्री.

"आवं, रडतंय ते," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

"ट्रेनिंग चालू है," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या पहाटे हरणाबाई एकटी निघाली. वखारीपाशी दोघं जण मागं लागले, तशी ती उलट फिरली. तिसऱ्या पहाटेही तसंच. दोन दिवस टोपली रिकामी, म्हणजे चूलही रिकामी. आठ वाजता ती सुभेदारांच्या पडवीसमोर येऊन उभी राहिली. मी तिथंच पेपर वाचत होतो.

"सुभेदार, कुत्रं सोडा."

"कुत्रं नाही, हेन्री. त्याला आता मालक आहे. माया असेल तर येऊन बघत जा."

"माया कुणाला हाय? मला मंडईला जायचं हाय."

"विलायतेत मालकाशिवाय कुत्रं रस्त्यावर दिसत नाही, बाई."

"आन बाया दिसत्यात का, पाटंच्या अंधारात टोपली घिऊन?"

सुभेदारांनी आठवून पाहिलं. "नाही. तिथं दुधाच्या बाटल्यासुद्धा दारात येतात."

"मग तिथलं कुत्रं बसंल कोचावर. त्याला काम काय?" हरणाबाईनं पदर खोचला. "बरं, ऱ्हाऊ दे तुमचंच. मालक झालासा न्हवं? मग त्याची डूटीबी तुमच्याकडं आली. उद्या पाचला मी हितं हुबी ऱ्हाते. तुमी या."

"जातील की," आतून शालूबाई म्हणाल्या. "पाचला उठायची सवय हाय म्हणून सगळ्यांस्नी सांगत असत्यात."

बायकोसमोर आणि माझ्यासारख्या कारकुनासमोर नाही म्हणणं सुभेदारांना जमलं नाही.

पाच दिवस सुभेदार गेले. माकडटोपी, बॅटरी, काठी आणि साखळीला हेन्री. पाण्याच्या नळावर माझा नंबर त्याच वेळेला असतो, त्यामुळे एकही पहाट माझी चुकली नाही. कुत्रं सातही दारांशी थांबे, म्हणून सुभेदारही सातही दारांशी थांबत. वखारीवरच्या एकानं विचारलं, "सुभेदार, भाजीचा धंदा काढला व्हय?" चौथ्या दिवशी परतताना हरणाबाईनं मेथीचं गाठोडं त्यांच्याच खांद्यावर दिलं. म्हणाली, माझं डोकं एक हाय, तुमचं खांदं दोन.

सहाव्या पहाटे सुभेदार शिंकत बाहेर आले. खाली बसून त्यांनी पट्टा सोडला.

"घ्या बाई. देऊन टाकला तुम्हाला. आजपासून तुम्ही मालक."

"मी न्हाई घ्यायची."

"का?"

"द्याया तुमचं कवा व्हतं? आन मालक झाले तर साखळी धरून त्याच्यामागं मला हिंडाय लागंल. मला धंदा हाय."

सुभेदार उठून उभे राहिले. आवाज खाली आला. "पण मी तिकडं लिहून बसलोय, त्याला मालक मिळाला म्हणून. मडम विचारील. तिला काय सांगू?"

"सांगा, सात घरचं हाय आन एकाचंबी न्हाई. आन तिलाच इचारा, उद्या ती मेली तर तिच्या हेन्रीला वळखणारं दुसरं दार कुठलं हाय."

सुभेदारांनी नळाकडं, म्हणजे माझ्याकडं पाहिलं. "नारायणराव, हे इंग्रजीत कसं लिहायचं?"

मी घागर नळाखाली सरकवली. हरणाबाई उत्तरासाठी थांबली नाही. मेथीचा लिलाव साडेपाचला उरकतो, आणि कुत्रं केव्हाच वखारीच्या वळणावर जाऊन उभं होतं.